मेहेंदळ्यांची सून कुठं राहते?

हरिभाऊ मेहेंदळे त्या सकाळी चहाचा कप बशीत ठेवून "हे माझ्यावर सोडा" एवढं एक वाक्य बोलले नसते, तर पुढचं काही घडलं नसतं. पण जिल्हा परिषदेत तेहतीस वर्षं काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला सरकारी पत्र दिसलं की राहवत नाही. गवयाला दुसऱ्याच्या घरात तंबोरा दिसावा तसं होतं. हात आपोआप तिकडं जातो.

पत्र सुनेच्या नावाचं होतं. सून पोलंडची, नाव अग्नियेश्का. हरिभाऊंचा मुलगा निमिष कंपनीच्या कामानं तिकडं तीन वर्षं होता आणि येताना तिला घेऊन आला. लग्नात चारुशीलाबाईंनी तांदळावर 'अनघा' असं लिहून उच्चाराचा प्रश्न पाच मिनिटांत मिटवला. तेव्हापासून दोन वर्षं ती सांगलीत, विश्रामबागेच्या मागच्या कॉलनीत सासूसासऱ्यांजवळ राहत होती. तिचा व्हिसा सव्वीस एप्रिलला संपत होता. मुदतवाढीसाठी तिनं रीतसर अर्ज केला होता आणि उत्तर आलं होतं : 'अर्जदाराच्या वास्तव्याचा पुरावा अपुरा आहे. मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.'

सव्वीस तारखेला अकरा दिवस उरले होते. तोवर काम झालं नाही तर तिला देश सोडून जावं लागणार होतं. निमिष कुपवाडच्या त्याच्या कारखान्यातली मशिनं बसवून द्यायला पंधरा दिवसांसाठी चेन्नईला गेला होता.

"घाबरायचं कारण नाही," हरिभाऊ म्हणाले. "आत बसलेल्या माणसाची भाषा मला कळते. एक लाइट बिल, एक अर्ज. जेवायच्या आत परत येतो."

"मामंजी, मी बी येऊ?" सुनेनं विचारलं.

इथं हरिभाऊंच्या एका जुन्या दुखण्याबद्दल सांगायला हवं. सुनेला मराठी शिकवायचं त्यांनी फार मनावर घेतलं होतं. व्याकरणाचं पुस्तक आणलं, वही घातली, रोज संध्याकाळी सहा ते सात ही वेळ ठरवली. पण दुपारी दोन ते सहा ती समोरच्या कट्ट्यावर साळूबाईंजवळ बसून शेंगा फोडायची. साळूबाई आटपाडीकडच्या, पंच्याहत्तरीच्या. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला त्यांचा मुलगा भाऊसो यानं समोर बंगला बांधला आणि आईला इथं आणलं. चार तास विरुद्ध एक तास. सहा महिन्यांत निकाल लागला. हरिभाऊंना अपेक्षित असलेली "बाबा, मी येऊ का?" असं विचारणारी सून तयार झालीच नाही.

"नको," हरिभाऊ म्हणाले. "तू आलीस तर उगाच वेळ लागेल."

परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारा तो कक्ष एका कचेरीच्या मागच्या बाजूला होता. टेबलामागं एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. संयोगिता मॅडम असं शिपाई म्हणाला. हरिभाऊंनी आपली ओळख 'सेवानिवृत्त अधीक्षक' अशी करून दिली. मॅडमनी अदबीनं "बसा काका" म्हटलं आणि लाइट बिल हातात घेतलं.

"गोपाळ विष्णू मेहेंदळे कोण?"

"माझे वडील."

"त्यांना आणता येईल?"

"ते अठ्ठ्याण्णव साली गेले."

मॅडमनी एकदा बिलाकडं आणि एकदा हरिभाऊंकडं पाहिलं. बिल नावावर करून घ्यायचं हरिभाऊंच्या मनात पंचवीस वर्षं होतं. पण वडिलांच्या नावानं घरी येणारा तेवढाच एक कागद उरला होता, तोही बंद करायचा, हे त्यांच्या हातून होईना. आता ही हळवी बाजू सरकारी टेबलावर मांडता येत नाही.

"मुलाचं आधार कार्ड?"

"त्यावर पुण्याचा पत्ता आहे." मुलगा सांगलीत आला होता, आधार कार्ड पुण्यातच राहिलं होतं.

"घरपट्टीची पावती?"

ती हरिभाऊंनी विजयी मुद्रेनं काढली. मॅडमनी वाचलं, "हरी गोपाळ मेंढळे."

हरिभाऊंनी पावती आपल्याकडं वळवून घेतली. मेंढळे. साक्षात. दरवर्षी पावती येत होती, दरवर्षी ते आकडे तपासत होते, नाव मात्र त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. आपलं नाव आपण कशाला वाचतो?

"काका, एक कागद कमी पडतोय," मॅडम नम्रपणे म्हणाल्या. "दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आणा. सूनबाईंचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो आणा. अर्जावरून पोलीस चौकशी होईलच. मग बघू."

'एक कागद कमी पडतोय.' हे वाक्य हरिभाऊंनी तेहतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. ते ऐकताना कसं वाटतं याचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पत्ता लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅडमचं काही चुकत नव्हतं.

जेवायच्या वेळेला ते घरी आले ते रिकाम्या हातानं. चारुशीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "आमचे आजोबा कोल्हापूरचे. ते सांगायचे, महायुद्धाच्या वेळी वळिवड्याच्या छावणीत पोलंडची पाच हजार निर्वासित माणसं राहून गेली. त्यांच्याकडं नव्हतं कुणी लाइट बिल मागितलं."

"तेव्हा लाइट तरी होते का?" हरिभाऊ म्हणाले. पण मुद्दा त्यांना लागला.

दुसऱ्या दिवशी सुनेला फोटो काढायला पाठवलं. आता पोलंडची गोरी मुलगी, केस पिवळट पांढरे, अंगात सासूनं दिलेला मोतिया रंगाचा कुडता आणि मागं पांढराशुभ्र पडदा. फोटो आला त्यात एक टिकली, दोन डोळे आणि थोडं मंगळसूत्र होतं. बाकी सगळा पडदा.

"ह्यात मी कुटं हाय?" सुनेनं विचारलं.

ते हरिभाऊंनाही सांगता येईना. फोटो पुन्हा काढायचं ठरलं.

तोवर बातमी समोरच्या घरी गेली होती. भाऊसो संध्याकाळी बनियनवरच आला. सैन्यातली पंचवीस वर्षं आणि आटपाडीची डाळिंबाची बाग यांच्या जोरावर त्याला कुठल्याही विषयावर मत होतं.

"आवं काका, कशाला कागदं गोळा करत बसलाय? नगरसेवकाचा दाखला घ्या. एका सहीत काम."

सल्ला बरोबर होता. अडचण एवढीच, की महापालिकेची मुदत संपलेली, निवडणूक व्हायची होती, त्यामुळं नगरसेवक म्हणून कुणीच नव्हतं. प्रभागात माजी पाच होते, भावी सतरा होते, आजी एकही नव्हता. भाऊसोच्या ओळखीचा एक भावी होता. त्यानं दहा मिनिटांत दाखला दिला. वर त्याचा हात जोडलेला रंगीत फोटो, त्याहून वर त्याच्या मार्गदर्शकांचे चार, आणि खाली मजकूर : 'सौ. अनघाताई यांना मी लहानपणापासून ओळखतो.'

हा कागद हरिभाऊंनी दुसऱ्याच दिवशी मॅडमना नेऊन दाखवला. मॅडमनी तो आदरानं परत केला. "काका, हे पद अजून अस्तित्वात यायचंय."

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी हरिभाऊ प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टाच्या आवारात गेले. एप्रिलचं ऊन, हळदीच्या गाड्यांची रस्त्यात गर्दी आणि छत्री घरी राहिलेली. झाडाखालच्या टंकलेखकानं नाव विचारलं, पावती पाहिली आणि सरळ बडवलं : 'मी, हरी गोपाळ मेहेंदळे ऊर्फ मेंढळे...'

"अहो, ऊर्फ काय ऊर्फ?" हरिभाऊ उसळले. "मी काय दरोडेखोर आहे?"

"दोन नावं म्हटली की ऊर्फ आलंच की सायेब."

"'मेंढळे ही लेखनातील चूक होय' असं लिहा."

"मग चूक कुणाची ते लिवावं लागंल. त्याचा वेगळा अर्ज."

हरिभाऊंनी 'ऊर्फ'वर सही केली. सही करताना आपल्या कपाळावर कुणीतरी फरारी असं लिहीत आहे असं त्यांना वाटलं.

त्याच वेळी चारुशीलाबाई सुनेला घेऊन दुसऱ्यांदा फोटोला गेल्या होत्या. या खेपेस जांभळी साडी. म्हणजे घराला कुलूप होतं. आणि नेमका त्याच वेळी चौकशीसाठी पोलीस आला.

पोलिसाचं नाव दिग्विजय. नवा, तरुण, नोकरीत मन लावून काम करणारा. कुलूप पाहून तो समोर गेला. कट्ट्यावर साळूबाई बसल्या होत्या आणि भाऊसो झाडाला पाणी घालत होता. दिग्विजयनं कागद बघून विचारलं, "हितं आगनी... आगनेस्का म्हणून कोण राहतं का?"

"आग?" साळूबाईंना जरा कमी ऐकू येतं. "आग कुटं लागली रं?"

"आग न्हाई आज्जी. बाई हाय. फॉरेनची."

फॉरेन हा शब्द आणि खाकी कपडे एकत्र पाहताच भाऊसोच्या मनात काहीतरी खटकलं. बाहेरच्या देशातली माणसं उचलून विमानात बसवतात असा एक व्हिडिओ त्याच्या फोनवर गेल्याच आठवड्यात आला होता. त्याच्यातल्या जुन्या हवालदारानं ताबडतोब निर्णय घेतला. शत्रूला माहिती द्यायची नाही.

"फॉरेनचं हितं कुणी राहत न्हाई," तो म्हणाला.

"समोरच्या घरात?"

"तितं मेहेंदळे राहत्यात. नवरा, बायकू, ल्योक, सून."

"सून कुठली?"

साळूबाई मध्ये पडल्या. "सून आमची अनगा. माझ्या हाताखाली शिकलेली. फॉरेनची कशापायी आसंल? ज्वारीची भाकरी थापती ती."

दिग्विजयनं आणखी दोन घरी विचारलं. तोवर भाऊसोनं फोन करून ठेवले होते. एका घरी तर त्याला सांगितलं, की ह्या कॉलनीत परदेशी असं काही असेल तर ते फक्त कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं विलायती कुत्रं. शेवटी भाऊसोकडं ताक पिऊन तो निघाला. भाऊसोनं त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि एक कडक सलाम ठोकला.

संध्याकाळी मेहेंदळे कुटुंब घरी आलं तेव्हा कॉलनीत विजयाचं वातावरण होतं. भाऊसो छाती पुढं काढून आला. "काका, काळजी सोडा. पोलीस आलता. आमी सुनंचा पत्त्या लागू दिला न्हाई."

हरिभाऊंनी प्रतिज्ञापत्राची पिशवी हातात तशीच धरून, आवाज शक्य तितका शांत ठेवून विचारलं, "भाऊसो, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

भाऊसोनं सांगितलं. चारुशीलाबाई पायरीवर बसल्या. सून मात्र हसायला लागली, आणि मग साळूबाईंच्या तोंडाकडं बघून थांबली. म्हातारीला काहीतरी चुकल्याचं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

"मी तुजा जीव वाचवला न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आत्ती," सून म्हणाली. "पर आता मला खरंच जावं लागंल वाटतं."

यावर साळूबाईंनी पदर डोळ्याला लावला तो रात्रीच्या जेवणापर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अहवाल हरिभाऊंपुढं सरकवला. 'सदर पत्त्यावर समक्ष चौकशी केली असता, अशा नावाची कोणीही परदेशी महिला तेथे राहत नसल्याचे शेजाऱ्यांनी एकमुखाने सांगितले. शेजारी प्रतिष्ठित असून त्यांतील एक माजी सैनिक आहेत.' हरिभाऊंनी तो दोनदा वाचला. मसुदा उत्तम होता. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. दिग्विजय त्यांच्या हाताखाली असता तर त्यांनी पोराला शाबासकी दिली असती.

"मॅडम, ती राहते हो."

"काका, मला माहितेय. म्हणजे मला वाटतंय. पण कागद म्हणतो राहत नाही." मॅडमनी कपाळ चोळलं. "पंचवीस तारखेला सगळ्यांना घेऊन या. सूनबाईंना आधी. मी जबाब घेते."

त्या घरातले मधले दिवस कसे गेले ते न सांगितलेलं बरं. निमिष चेन्नईहून तासातासाला फोन करी आणि हरिभाऊ दर वेळी "माझ्यावर सोड" म्हणत. आवाज मात्र रोज थोडा बारीक होत होता. एका दुपारी सून कपाटापुढं जमिनीवर बसलेली त्यांना दिसली. समोर सुटकेस उघडी होती. त्यात काही भरलेलं नव्हतं. ती नुसती बघत बसली होती. हरिभाऊ दारातून मागं फिरले आणि उगाच अंगणात जाऊन नळ बंद आहे का ते बघून आले.

पंचवीस तारखेला भाऊसोनं डाळिंबाचा टेम्पो काढला. पुढं साळूबाई आणि चारुशीलाबाई, मागं हरिभाऊ, सून आणि कॉलनीतली नऊ माणसं. कचेरीच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायाला मोर्चा आलाय असं वाटलं आणि त्यानं फाटक लावून घेतलं. ते उघडण्यात अर्धा तास गेला.

मॅडमनी आधी सुनेला इंग्रजीत विचारलं, की आपण इथं किती काळ राहता?

"दोन वर्सं झाली की," सून म्हणाली.

मॅडमनी पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, तिच्याकडं पाहिलं, परत फोटो पाहिला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या दिग्विजयनं खाली मान घातली.

मग भाऊसो. तो टेबलापुढं सावधान उभा राहिला. "मॅडम, ही समोर राहती. दोन वर्सं. मी रोज बगतो."

"पण परवा तुम्ही सांगितलंत राहत नाही."

"तवा खोटं बोललो."

"आणि आत्ता?"

"आता खरं."

"हे मी कशावरून ठरवू?"

भाऊसोला सैन्यात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मागची नऊ माणसं एकदम बोलू लागली, साळूबाईंनी "माझा जबाब लिव आधी" म्हणून टेबल धरलं आणि मॅडमनी हात वर केला.

"हे बघा, तुमचा कुणाचाच जबाब आता मला धरता येत नाही. दोन्हीकडं बोललाय तुम्ही. घरमालकांचा घेते. बसा काका."

छापील नमुना होता. हरिभाऊंनी चष्मा लावला. नाव, वय, नातं, किती काळापासून. भराभर लिहिलं. अक्षर वळणदार. शेवटचा रकाना होता : 'सदर व्यक्तीच्या वास्तव्याबाबत काही तक्रार असल्यास.' तिथं सवयीनं त्यांचं पेन 'निरंक' लिहायला टेकलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "काका, ह्या प्रकरणात खोटं आजवर भरपूर झालंय. खरंच काही तक्रार नाही?"

हरिभाऊंनी पेन उचललं. सून शेजारीच बसली होती. खोलीत सगळी कॉलनी होती. पण तेहतीस वर्षांत त्यांनी एकही रकाना जाणूनबुजून चुकीचा भरला नव्हता.

"आहे," ते म्हणाले.

"सांगा. मी लिहिते."

"सकाळी पेपर माझ्या आधी ती उघडते. शब्दकोडं पेननं भरते. परवा 'नकार, दोन अक्षरी' असं होतं. हिनं 'न्हाई' लिहिलं. आणि ते बसलं! उभे शब्द मी दीड तास शोधत होतो."

"पुढं."

"कोबी आंबवते. बरणी देवघराच्या खालच्या फळीवर ठेवते. पूजेला बसलं की उदबत्तीपेक्षा तो वास आधी येतो. थंडीत पहाटे घराच्या सगळ्या खिडक्या उघडते, म्हणे हवा यायला पाहिजे. जानेवारीत मी कानटोपी घालून जेवलोय. कोपऱ्यावर चहात साखर घेतली की हिला कसं कळतं देव जाणे, मी घरी पोचायच्या आत चारुशीलेला सांगून मोकळी. माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसते. उठते तेव्हा उशी भलतीकडंच."

"आणखी?"

"मी रस्त्यानं चाललो असलो तर शंभर पावलांवरून हाक मारते. सगळा रस्ता वळून बघतो." हरिभाऊंचा आवाज आता चांगला चढला होता. "आणि गेल्या वर्षी माहेरी गेली, वीस दिवस सांगून. महिन्यानं आली."

"त्यात तक्रार काय?"

"दहा दिवस जास्त," हरिभाऊ म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मॅडम लिहीत होत्या. रकाना केव्हाच भरला होता. आता मजकूर कागदाच्या पाठीवर गेला होता. शेवटी त्यांनी पूर्णविराम दिला, सगळं एकदा वाचलं आणि दिग्विजयकडं बघून म्हणाल्या, "लाइट बिल रिकाम्या घराचंही येतं. एवढी तक्रार घरात माणूस राहिल्याशिवाय होत नाही. अहवाल दुरुस्त करून आण. अर्जदार राहते."

शिक्का बसला. मुदतवाढीची शिफारस त्याच दुपारी वर गेली आणि सहाच्या आत मंजुरी सुनेच्या फोनवर आली. मॅडमनी त्याची प्रत काढून हरिभाऊंच्या हातात दिली. साळूबाईंनी मॅडमच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मॅडमनी ती मोडू दिली.

टेम्पोत बसताना हरिभाऊ सुनेच्या शेजारी बसायचं टाळत होते. पण जागा तेवढीच होती. टेम्पो निघाला. वाऱ्यानं कागद फडफडू लागला तसा त्यांनी तो गुडघ्यावर दोन्ही हातांनी दाबून धरला.

"मामंजी," सून म्हणाली.

"काय?"

"माज्या बी हायत."

"काय आहेत?"

"तक्रारी. तुमच्या."

हरिभाऊंनी समोर पाहिलं. नऊ माणसं कान टवकारून बसली होती. पुढच्या खिडकीतून चारुशीलाबाईंनीही मान बाहेर काढली होती.

"सांग," ते म्हणाले. "क्रमानं सांग."

ती बोटं मोजत सांगू लागली. पहिल्या तीन त्यांना मान्य होत्या. चौथीवर त्यांनी खुलासा दिला, तो कुणी ऐकला नाही. पाचवीला चारुशीलाबाईंनी पुढून दुजोरा दिला, आठवीला भाऊसोनं टेम्पो हळू केला कारण त्याला नीट ऐकू येत नव्हतं. टेम्पो कॉलनीत येऊन घरापुढं थांबला, इंजिन बंद झालं, तरी मागच्या फळीवरून कुणी खाली उतरेना. अकरावी नुकतीच सुरू झाली होती.